कोल्हापुरात गलबत बांधायचं तर

कोल्हापुरातून समुद्र दिसत नाही. गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची तर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. तरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या कागदांत चाचे म्हणून ज्यांच्या नावानं बोटं मोडलेली आहेत, त्यांतले मालवणवाले आपलेच. मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरकर छत्रपतींकडे होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नावही देऊन टाकलं, आणि पुढे पैसे घेऊन परत केला. शेवटी १८१२ च्या तहात मालवण कंपनीकडे गेलं आणि चाचेगिरी बंद करायचं कबूल करून घेतलं गेलं. कुणाला चाचा म्हणायचं आणि कुणाला आरमार, हे कागद कोण लिहितो त्यावर ठरतं.

हे आधी सांगायचं कारण असं की मुलांसाठी चाच्यांचा सिनेमा करायचा म्हटलं की पहिल्याच बैठकीत तिकोनी टोपी, कवटीचा झेंडा आणि खांद्यावरचा पोपट येऊन बसतात. पोपट, एक पाय गमावलेला चाचा आणि फुलीचा नकाशा हा सगळा ऐवज १८८३ साली पुस्तकरूपात आलेल्या ‘ट्रेझर आयलंड’ या एका इंग्रजी कादंबरीनं लोकप्रिय केला. फळीवरून चालवत समुद्रात ढकलण्याचे प्रकारही प्रत्यक्षात फारच क्वचित घडले. खजिना पुरायचं म्हणाल तर विल्यम किडनं १६९९ मध्ये अमेरिकेतल्या गार्डिनर्स बेटावर थोडा माल पुरला होता, एवढ्याशा बीजावर दंतकथांचं रान माजलं. उलट खरी मोठी लूट आपल्या अंगणात झाली. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीनं लुटलेलं ‘गंज-ए-सवाई’ हे मोगली जहाज यात्रेकरू आणि व्यापारी घेऊन सुरतेला परतत होतं. तेव्हा पोपट राहू द्या. मालवणचं गलबत घ्या, तांडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या घ्या, खलाशी घ्या. आणि ते बांधायला लागणारं कापड, लाकूड, चामडं, रंग, सोंगं, लढाईचे डाव हे सगळं कोल्हापूर आणि आसपासच्या तीसेक किलोमीटरांत मिळतं.

गलबत निवडण्यामागे इतिहासापेक्षा सोय मोठी आहे. गुराब हे दोन-तीन डोलकाठ्यांचं, दीडशे ते तीनशे टनी जहाज. ते बांधायला घेतलं की पैसे संपतात. गलबत फार तर सत्तर टनांचं, बसक्या काठाचं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, आणि पुढे एक मोठं तिकोनी शीड. सेट बांधणाऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की उंच मागचा मजला नाही, जिने नाहीत, खिडक्यांची रांग नाही. एक डेक, एक काठ, एक डोलकाठी, एक शीड. शिवाय वल्ह्यांवर बारा मुलं बसवली की गर्दी आपोआप दिसते.

डेक १६ बाय १२ फुटांचा पुरतो. ८ बाय ४ च्या प्लायच्या बरोब्बर ६ शीट लागतात, काही कापावं लागत नाही. मांडववाल्याकडे स्टेजचे तयार सांगाडे भाड्यानं मिळतात ते घ्या, पण त्यांच्या आडव्या पट्ट्या बहुधा दोन-दोन फुटांवर असतात. १२ मिलिमीटरचा प्लाय तेवढ्या अंतरावर टाकला की पोरांनी उडी मारल्यावर तो दबतो आणि ढोलासारखा वाजतो, संवाद वाया जातात. दोन पट्ट्यांच्या मधोमध एकेक जादा पट्टी घालून घ्या, आणि प्लायखाली जुनी सतरंजी पसरा. उंची दीड फुटाच्या वर नको. कॅमेरा खाली बसवला की दीड फूटसुद्धा दहा फूट वाटतो, आणि पोरगं पडलं तर गुडघ्यावर निभावतं.

फळ्या खऱ्या लावायच्या नाहीत, रंगवायच्या. पण सगळ्या सारख्या रुंदीच्या रंगवल्या की ते बाथरूमच्या फरशीसारखं दिसतं. कॅमेऱ्याकडच्या टोकाला ६ इंच आणि लांबच्या टोकाला ४ इंच अशी प्रत्येक फळी निमुळती आखा, १६ फुटांचा डेक २४ फुटांचा वाटू लागतो. याची एक अट आहे: कॅमेरा रुंद टोकाकडेच राहिला पाहिजे. उलट बाजूनं शॉट घेतला तर डेक आखूड होतो आणि फसवणूक उघडी पडते. लांबच्या टोकाला बुटकी मुलं उभी करा, पुढे उंच. हे विसरून मागे एखादा बाप्या उभा केला की तो राक्षस दिसतो. गोष्टीत राक्षस हवाच असेल तर मात्र फुकटात मिळाला.

काठ दोन्ही बाजूंना बांधू नका. एकच बाजू आणि नाळ, म्हणजे गलबताचं पुढचं टोक, नीट करा. दुसऱ्या बाजूचे शॉट हवे असतील तेव्हा शीड फिरवून त्याच बाजूला पुन्हा घ्यायचे. काही जण चित्र संगणकावर उलटं करून काम भागवतात, पण मग डोळ्याची पट्टी डावीकडून उजवीकडे जाते, तलवार डाव्या हातात येते आणि पेटीवरची अक्षरं आरशातली होतात. मुलं हे बरोबर पकडतात, मोठ्यांपेक्षा लवकर.

शिडासाठी इचलकरंजीला जा. मागावरून उतरलेलं कोरं कापड, म्हणजे मांजरपाट, तिथे मीटरवर मिळतं. सेटवरचं शीड ९ फूट पाया आणि १२ फूट उंची असं काटकोनी ठेवलं तर तिरकी बाजू बरोबर १५ फूट येते, त्यामुळे काठी म्हणून १६ फुटी वेळू पुरतो. कापडाचा पन्हा ३६ इंच धरला तर तीन पट्टे: १२, ८ आणि ४ फूट. झाले २४ फूट, म्हणजे सव्वासात मीटर. प्रत्यक्षात ९ मीटर घ्या, कारण कोरं कापड धुतल्यावर आटतं आणि कडेला दोरी घालायला दुमड लागते. आधी धुऊन खळ काढायचीच. खळ राहिली तर रंग डागाडागांनी बसतो. मग पाव किलो स्वस्तातली चहापूड दहा लिटर पाण्यात उकळून गाळा, मूठभर तुरटी घाला, ओलं कापड रात्रभर बुडवा आणि न पिळता वाळत टाका. पिळलं की सुरकुत्यांच्या रेघा कायमच्या उमटतात. पांढरं शुभ्र शीड उन्हात कॅमेऱ्याला आंधळं करतं. चहाचा रंग म्हणूनच, जुनाटपणा हा वरचा फायदा.

इथे एक धोका नीट समजून घ्या. हे शीड साधारण पाच चौरस मीटरचं होतं. ताशी ३० किलोमीटरचा वारा आला की त्यावर वीस-पंचवीस किलोचा रेटा येतो, आणि तोही डोक्याच्या वर. डोलकाठी प्लायला खिळ्यांनी ठोकलेली असेल तर ती प्लायसकट उखडते. कळकाची काठी डेकला भोक पाडून खाली जमिनीत दोन फूट पुरा आणि तीन दिशांना दोर ताणा. वर शिडाची गाठ अशी असावी की एका ओढीत सुटेल. माळावर दुपारनंतर वारा उठतो, तेव्हा शिडाचे शॉट सकाळी उरकायचे. उरलेल्या वेळी ते गुंडाळून ठेवायचं.

आता डुलणं. नवख्या मंडळींचा सगळा जोर डेक हलवण्यावर जातो: खाली टायर घाला, स्प्रिंग बसवा, पहारीनं उचला. मुलं वर असताना हे करूच नये. आणि गरजही नाही. जहाज डुलतंय हे प्रेक्षकाला तीन गोष्टींवरून कळतं: टांगलेला कंदील, माणसांचं झुकणं आणि सरकणारा उजेड.

कंदील नुसता झोका देऊन सोडला तर फसतो, आणि का फसतो ते बघा. दीड फूट दोरीवरचा कंदील एक पूर्ण हेलकावा साधारण १.४ सेकंदात घेतो. गलबत त्याहून सावकाश डुलतं. पाच सेकंदांचा हेलकावा हवा असेल तर कंदिलाला वीस फूट दोरी लागेल! म्हणून सोडलेला कंदील घड्याळाच्या लंबकासारखा टकटक करतो आणि जहाज खेळण्यातलं वाटतं. उपाय साधा: कंदिलाला दोन बाजूंनी नायलॉनचा पातळ धागा बांधा आणि दोन माणसांनी चौकटीबाहेरून तो हळूहळू ओढा, मध्यापासून दोन्हीकडे तीन-साडेतीन इंच. आत बॅटरीचा दिवा आणि नारिंगी जिलेटिन कागद. खरी ज्योत डेकवर अजिबात नको. वर सुती शीड आणि भोवती पोरं.

सगळ्यांनी एकाच वेळी झुकायला ताल लागतो, त्यासाठी सेटवर हलगीवाला बसवा. दर अडीच सेकंदांनी एक थाप: डावीकडे, उजवीकडे. संवाद मग नंतर ध्वनिमुद्रित करावे लागतात, पण बारा मुलं ‘आता झुका’ म्हटल्यावर बारा वेळांना झुकतात, हलगीवर मात्र एकदम. कॅमेरा स्थिर ठेवलात तर एवढ्यावर भागतं. कॅमेराही तिरका करत असाल तर डेकची जी बाजू पडद्यावर खाली जाते तिच्या उलट अंग टाकायचं. आणि या शॉटमध्ये चौकटीत पाण्याचा पेला किंवा उघडी बादली नको. डेक कितीही तिरका दिसला तरी पाणी त्याला समांतरच राहतं, आणि सगळं पितळ तिथे उघडं पडतं.

मागचं आभाळ रंगवून घ्या. या गावात पडदा रंगवण्याचा वारसा जुना आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, कॅमेरा स्वतः बनवायच्या मागे लागले, आणि त्याच वाटेनं पुढे १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. पडदा २० बाय १० फुटांचा, डेकपासून निदान ८ फूट मागे, म्हणजे मुलांच्या सावल्या आभाळावर पडणार नाहीत. सगळ्यांत जास्त चुकते ती क्षितिजाची रेघ. समुद्राचं क्षितिज नेहमी भिंगाच्या उंचीवर असतं. भिंग डेकपासून साडेतीन फुटांवर असेल तर क्षितिजही पडद्यावर तेवढ्याच उंचीवर हवं, उभ्या मुलाच्या छाती-खांद्याशी. रेघ कमरेशी काढली आणि कॅमेरा डोळ्यांशी लावला तर समुद्र उतारावरून घसरल्यासारखा दिसतो. काय बिघडलं ते कुणाला सांगता येत नाही, पण बिघडलंय हे सगळ्यांना कळतं. त्यामुळे भिंगाची उंची आधी ठरवा, मग पेंटरला बोलवा. उंची बदलायचीच असेल तर क्षितिज काठाच्या किंवा शिडाच्या आड लपवा.

पुढच्या लाटा कापडाच्या. निळ्या-हिरव्या सॅटिनचे २० फूट लांब, ३ फूट रुंद तीन पट्टे, एकामागे एक, मागचा गडद. प्रत्येक पट्ट्याला दोन टोकांना दोन माणसं. तिन्ही पट्टे एकदम वर गेले तर चादर झटकल्यासारखं दिसतं, म्हणून एकेका थापेच्या अंतरानं उचलायचे. मला विचाराल तर मुलांच्या अद्भुत गोष्टीत हा कापडी समुद्र घाईगर्दीत केलेल्या संगणकी समुद्रापेक्षा कितीतरी देखणा. मुलं खोटं समजून घेतात. अर्धवट खरं त्यांना खटकतं.

पूर्ण गलबत लांबून दाखवायला लहान प्रतिकृती करा. गणपतीचं काम उरकल्यावर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात विचारा. साचा आणि फायबरचं काम करणारे हात तिथे आहेत. श्रावण-भाद्रपदात जाऊ नका, कुणी मान वर करणार नाही. देखाव्यांचे धुराचे यंत्र, मोटरी, दिवे हेही विसर्जनानंतर सवडीनं मिळतात.

प्रतिकृती १:१६ ठेवली तर ६४ फुटी गलबत ४ फुटांचं होतं. यापेक्षा लहान केलंत तर पाणी दगा देतं. पाण्याचा थेंब काही लहान होत नाही, तो चार फुटी जहाजाशेजारी गोटीएवढा दिसतो. म्हणून शिंतोडे उडतील असं काही करायचं नाही, नुसती सावकाश लाट. चित्रणाचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळानं वाढवायचा: १६ चं वर्गमूळ ४, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रं. फोनवर १२० ची सोय असते, ती चालते. लाट किंचित जड वाटते, एवढंच. २४० वर घेतलं की समुद्र मधासारखा होतो. फोन इथे मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा बरा, कारण त्यात पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं. मागचं धूसर झालं की जहाज खेळणं वाटू लागतं.

टाकीसाठी विटांची १२ बाय ८ फुटांची चौकट, आत काळी ताडपत्री, पाऊण फूट पाणी. दोन हजार लिटर लागतात. पाणी अगदी काठोकाठ भरा आणि भिंग पाण्याच्या जेमतेम वर धरा, म्हणजे पलीकडचा काठ पाण्यात विरून क्षितिज होतो. तयार शेततळं वापरायचा मोह होतो. मुलांना घेऊन तिथे जाऊ नका. प्लास्टिकच्या अस्तराचा उतार ओला झाला की पोहणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही.

रंकाळ्यावर शूटिंग करू का, असं हमखास विचारलं जातं. महापालिकेची परवानगी काढून करता येतं, पण समुद्र म्हणून नव्हे. कुठूनही बघा, पलीकडे शालिनी पॅलेस नाहीतर इमारती येतात, आणि कधी केंदाळ. थंडीत पहाटे धुकं असताना दहा-वीस मिनिटं पलीकडचा काठ पुसला जातो, तेवढ्यात दोन-तीन शॉट पदरात पडले तर पडले. रंकाळा रंकाळा म्हणूनच वापरला तर मात्र सोनं आहे. तिथला नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, तो तळ्याला पोचला की प्रलय, अशी कथा सांगतात. समुद्राकडे उघडणारं दार याहून चांगलं कुठे मिळणार? मुलं एका रात्री नंदी ढकलतात आणि पाणी येतं. पुढची गोष्ट आपोआप.

खऱ्या समुद्राचा एक दिवस ठेवा, मुलांशिवाय. मालवण किंवा रत्नागिरीला जाऊन रिकामा समुद्र, आभाळ, नांगराची दोरी, वाळूतली पावलं असे आठ-दहा शॉट घेऊन या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात. जवळून बघायला, मापं घ्यायला तो काळ बरा. समुद्रात होडी हवी असेल तर नारळी पौर्णिमेनंतरच बोला.

तलवारबाजीसाठी बाहेरून कुणाला आणायची गरज नाही. मर्दानी खेळाच्या आखाड्यातले वस्ताद मुलांना पवित्रे शिकवतात, आणि खरं तर लढाई पायांतच दिसते, हातांत नाही. पण आखाड्यातलं खरं हत्यार सेटवर आणायचं नाही. बांबूची कामटी अडीच फूट, तिच्यावर पाण्याच्या पाइपला घालतात ती फोमची नळी, वर चंदेरी कापडी पट्टी. टोक गोल. सगळी झटापट आठ आकड्यांत बसवा, निम्म्या वेगानं पाठ करून घ्या, आणि वार समोरच्याच्या अंगापासून अर्धा फूट बाहेर. कॅमेरा वाराच्या रेषेत, म्हणजे मारणाऱ्याच्या खांद्यामागे, ठेवला की ते अंतर दिसत नाही. बाजूनं घेतलं की दिसतं. डोळ्यावर पट्टी असलेल्या मुलाची एक खास अडचण आहे: एका डोळ्यानं अंतर कळत नाही आणि नेमका त्याचाच वार लागतो. पट्टी काळ्या जाळीच्या कापडाची दुपदरी शिवा. कॅमेऱ्याला ती बंद दिसते, मुलाला आरपार.

तोफेला दारू नको, फटाकाही नको. ४ इंची पाइप, मागच्या तोंडाला ताणून बांधलेला जाड फुगा, आत चिमूटभर टाल्कम पावडर; फुगा मागे ओढून सोडला की धुराचा लोट येतो. तोंडाला रुमाल बांधलेला मोठा माणूसच हे करेल. ज्योतिबाचा गुलाल हाताशी आहे म्हणून तो उडवू नका. बरेचसे रंग पिठाचे असतात आणि पिठाचा लोट ठिणगीनं पेटतो. २०१५ मध्ये तैवानच्या एका जलक्रीडा उद्यानात रंगीत पुडीनं असाच भडका उडाला आणि माणसं गेली. तोफ उडाल्याचा खरा परिणाम धक्क्यात आहे: तोफेला मागून दोर बांधून ती झटक्यात फूटभर मागे ओढा.

कपड्यांवर फार बोलत नाही. मुंडासं, कंबरपट्टा, गुडघ्यापर्यंतचं धोतर किंवा लुंगी. चामड्याचे पट्टे चप्पल लाइनीतून करून घ्या, नवीन वाटू नयेत म्हणून पॉलिश पेपरनं घासा. लिटरभर पाण्यात पाव किलो मीठ विरघळवून कपड्यांच्या कडांवर शिंपडलं की वाळल्यावर खाऱ्या पाण्याचे पांढरे वळसे उमटतात. हे एक काम बाकी दहा कामांपेक्षा जास्त समुद्र आणतं.

खजिन्याची पेटी लहान ठेवा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर उंच पेटी सोन्याच्या नाण्यांनी खरोखर भरली तर वजन नऊशे किलोच्या घरात जाईल, आणि सिनेमात दोन पोरं ती उचलून पळत असतात. दहा इंची डबा घ्या, तळाला सात-आठ किलोची वाळूची पिशवी, वर भुसा आणि सगळ्यांत वर दोन इंच ऐवज. वजनानं खांदे खरे वाकतात, अभिनय शिकवावा लागत नाही. ऐवज गुजरीतल्या नकली दागिन्यांतून उभा राहतो. एखादा साज वर दिसला की आपल्या गावची आई-आजी पडद्याकडे झुकून बघणारच.

नकाशा मोडीत लिहा. अठराव्या शतकातला मराठी खलाशी दुसऱ्या कशात लिहिणार? मोडीचे दोन गुण गोष्टीला आयते मिळतात: शब्दांत जागा सोडलेली नसते, आणि ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नसतो. ‘पुर जेथे संपे’ असं लिहिलं असेल तर ते नगर की नदीचा पूर, हे वाचून कळत नाही. मुलं वेशीकडे धावतात आणि खजिना असतो पंचगंगेच्या पूररेषेवर. मजकुरावर एवढी मेहनत करून कडा मात्र मेणबत्तीवर जाळू नका. तो शाळेच्या स्नेहसंमेलनाचा नकाशा होतो. चहात बुडवून घड्या घाला आणि घडीवर घासा. कागद घडीवरच फाटतो.

भाषेनं अर्धं काम होतं. तांडेल मालवणीत बोलू दे, मुलं कोल्हापुरीत. त्यानं ‘खंय चल्लात रे पोरांनू?’ म्हणावं आणि एखाद्या पोरीनं ‘खजिना बघायला की, दुसरं काय!’ असं उत्तर द्यावं. त्याला मुद्दाम गुरगुरायला लावायची गरज उरत नाही.

रात्रीचे प्रसंग दिवसा घ्या, मुलं जागी असतात. सूर्य मुलांच्या पाठीशी ठेवा, चित्र दोन स्टॉप, म्हणजे पाव उजेडापर्यंत, काळोखं करा, कॅमेऱ्याचा पांढरा रंग बल्बच्या उजेडाला लावा म्हणजे सगळं निळं होतं. आणि आभाळ चौकटीत घेऊ नका. उजळ आभाळ आलं की रात्र संपली.

मुलं व्यावसायिक कामात घेत असाल तर २०१७ चे नियम वाचून ठेवा: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, आणि मिळकतीतला निदान २० टक्के हिस्सा मुलाच्या नावे मुदत ठेवीत. पाच तासांत मेकअप आणि जेवणही येतं असं धरून चला. हाती तीन तास उरतात, त्यात आठ ते दहा शॉट. पहिल्या तासात पळापळीचे, शेवटच्या तासात बसून बोलायचे. उलट केलंत तर दमलेली पोरं पळताना पडतात.

आवाज शेवटी. लाकडाची करकर हवी तर जहाज शोधत फिरू नका. विंचू, म्हणजे चालताना करकर वाजावी म्हणून तळात घालतात तो तुकडा, घातलेली नवी करकरीत कोल्हापुरी चप्पल माइकपासून चार इंचांवर हातानं सावकाश पिळा. मूळ वेगात ती चप्पल वाजते, निम्म्या वेगात गलबत. लाटांसाठी अर्धी भरलेली घागर आडवी धरून कुशीवर फिरवायची, आणि शिडाची फडफड म्हणजे ओलं धोतर. विंचू पहिल्या दहा मिनिटांतच चांगला बोलतो, चामडं मऊ पडलं की बसतो. म्हणून चप्पल आधी कुणाला घालायला देऊ नका.